वर्षाला शंभर डॉलर : न्यू हॅम्पशायरचे उमेदवार आणि कराचा प्रश्न

काँकर्ड शहरात सोनेरी घुमटाची जी ग्रॅनाइटची इमारत आपण पाहत आहोत, ते अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याचे विधानभवन आहे. ते १८१९ साली पूर्ण झाले आणि विधिमंडळ आजही त्याच मूळच्या सभागृहांत बसते. प्रतिनिधिगृहात शिरताच खुर्च्यांची दाटी नजरेत भरते, कारण जेमतेम चौदा लाख वस्तीच्या या राज्याने आपल्या कनिष्ठ सभागृहात ४०० जागा ठेवल्या आहेत. बारा कोटींच्या आसपास लोकसंख्या असलेल्या महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आमदार असतात; इथे सुमारे साडेतीन हजार माणसांमागे एक प्रतिनिधी येतो. त्याचे मानधन वर्षाला १०० डॉलर आहे. दोन वर्षांच्या मुदतीला २०० डॉलर ही रक्कम १८८९ साली राज्यघटनेतच लिहिली गेली आणि तेव्हापासून ती वाढलेली नाही. प्रवासखर्च तेवढा वेगळा मिळतो.

या मानधनासाठी कोणी राजकारणात येत नाही, आणि इथल्या उजव्या विचारांच्या उमेदवाराच्या आर्थिक भूमिकेचे मूळ नेमके इथे आहे. निवडून आल्यावरही तो आपली नोकरी, दुकान किंवा निवृत्तिवेतन यांवरच जगणार असतो आणि शेजाऱ्यांवर बसवलेला कर त्याच्या स्वतःच्या घरावरही बसणार असतो. दर सम वर्षाच्या नोव्हेंबरात निवडणूक होते. रिपब्लिकन पक्षाचा असा उमेदवार पत्रकांचा गठ्ठा घेऊन दारोदार फिरतो तेव्हा त्याचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : मी प्राप्तिकर येऊ देणार नाही आणि विक्रीकरही येऊ देणार नाही.

या वाक्याला पन्नास वर्षांहून अधिक इतिहास आहे. वॉल्टर पीटरसन हे रिपब्लिकन गव्हर्नर असताना १९७० साली राज्याने उद्योगांच्या नफ्यावर कर बसवला आणि पुढचे पाऊल प्राप्तिकराचे असेल, अशी भीती पसरली. मँचेस्टरहून निघणाऱ्या ‘युनियन लीडर’ या दैनिकाचे प्रकाशक विल्यम लोब यांनी कराविरुद्ध मोहीमच उघडली. १९७२ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत मेल्ड्रिम थॉमसन यांनी करावर कुऱ्हाड चालवण्याची घोषणा देत पीटरसन यांचा पराभव केला आणि १९७३ ते १९७९ अशी सहा वर्षे ते गव्हर्नर राहिले. तेव्हापासून गव्हर्नरपदाच्या प्रत्येक उमेदवाराला एकच प्रश्न विचारला जातो : प्राप्तिकर आणि विक्रीकर येऊ न देण्याची शपथ घेणार की नाही? ‘द प्लेज’ म्हणून ओळखली जाणारी ही शपथ कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. तरीही डेमोक्रॅटिक पक्षाच्या जॉन लिंच आणि मॅगी हॅसन यांनीसुद्धा ती घेतली. ज्या भूमिकेपुढे विरोधी पक्षालाही झुकावे लागले, तिला केवळ एका गटाचा हट्ट म्हणता येत नाही.

पगारावर कर नसला तरी व्याज आणि लाभांश यांवर १९२३ पासून कर होता. तो टप्प्याटप्प्याने उतरवण्याचा निर्णय २०२१ च्या अर्थसंकल्पात झाला आणि १ जानेवारी २०२५ रोजी तो पूर्णपणे संपला. उद्योगांच्या नफ्यावरचा कर २०१५ साली साडेआठ टक्के होता, तो साडेसात टक्क्यांवर आला.

मग राज्य चालते कशावर? महामार्गालगतची ही प्रशस्त दारूची दुकाने सरकारी मालकीची आहेत. १९३४ पासून राज्य स्वतः मद्य विकते आणि सीमेपलीकडच्या मॅसेच्युसेट्समधून गाड्या भरभरून गिऱ्हाईक येते. १९६४ साली याच राज्याने अमेरिकेतील आधुनिक काळातली पहिली सरकारी लॉटरी सुरू केली, तीही शिक्षणासाठी पैसा उभा करायला. हॉटेलातले जेवण आणि खोलीचे भाडे यांवर साडेआठ टक्के कर आहे. बाकीचा मोठा भार घरपट्टीवर आहे. घरमालकाच्या हाती पडणाऱ्या बिलावर चार दर वेगवेगळे छापलेले असतात : गावाचा, काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा), स्थानिक शाळेचा आणि राज्याच्या शिक्षणकराचा, घराच्या किमतीच्या दर हजार डॉलरमागे किती, हे प्रत्येकासमोर लिहिलेले असते. आपला पैसा कोणी आणि कशासाठी घेतला, हे इतक्या उघडपणे सांगणारा कागद फार थोड्या ठिकाणी करदात्याला मिळतो.

खर्चाचा निर्णय शक्यतो गावातच व्हावा, ही या उमेदवारांची दुसरी भूमिका आहे. राज्याने गावांवर नवी जबाबदारी टाकायची तर पैसाही द्यावा, असे बंधन १९८४ साली राज्यघटनेत आले. मार्चच्या सुमारास अनेक गावांत गावकऱ्यांची सभा भरते आणि जमलेले मतदार अंदाजपत्रकातील आकड्यांवर स्वतः मत देतात. क्रॉयडन हे जेमतेम आठशे वस्तीचे गाव आहे. मार्च २०२२ मध्ये तिथे शाळेचे सतरा लाख डॉलरचे अंदाजपत्रक आठ लाखांवर आणण्याचा ठराव २० विरुद्ध १४ मतांनी संमत झाला. गाव हादरले, सह्या गोळा झाल्या, मे महिन्यात विशेष सभा भरली आणि ३७७ विरुद्ध २ मतांनी मूळचा आकडा परत आला. या प्रसंगाकडे बोट दाखवून उजव्या विचारांची थट्टा झाली. पण दोन महिन्यांच्या आत, कोर्टकचेरी न करता, गावाने आपला निर्णय आपणच फिरवला, हे स्थानिक सत्तेच्या बाजूने याहून बळकट काय सांगता येईल?

हे उमेदवार एका साच्यातले नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. कामगार संघटनेची वर्गणी कोणावरही बंधनकारक नसावी, हे ‘राइट टू वर्क’ विधेयक त्यांच्यापैकी अनेकांच्या पत्रकात असते; तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये रिपब्लिकन बहुमताच्या सभागृहानेच ते २०० विरुद्ध १८० मतांनी फेटाळले. शिक्षणाचा सरकारी पैसा मुलाबरोबर खासगी शाळेत किंवा घरच्या शिक्षणाकडे जाऊ देणारी योजना मात्र २०२१ मध्ये आली आणि २०२५ मध्ये गव्हर्नर केली एयॉट यांच्या सहीने तिची उत्पन्नमर्यादाही उठली.

ज्या गावांत कारखाने किंवा तळ्याकाठचे महागडे बंगले नाहीत, तिथे घरपट्टीचा दर चढा आणि शाळेचे उत्पन्न तोकडे राहते. याच तक्रारीवर क्लेरमाँट या गावाच्या नावाने ओळखले जाणारे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे निकाल १९९३ आणि १९९७ साली लागले. जुलै २०२५ मध्ये याच न्यायालयाने राज्याकडून दर विद्यार्थ्यामागे मिळणारे सुमारे ४,१०० डॉलर अपुरे ठरवले आणि किमान ७,३५६ डॉलरचा आकडा मान्य केला. तिजोरीतून किती द्यायचे हे न्यायाधीशांनी नव्हे, मतदारांच्या प्रतिनिधींनी ठरवायचे, असे उजवे उमेदवार म्हणतात आणि विद्यार्थी घटत असताना शाळांचा खर्च का वाढला, असा उलट प्रश्न विचारतात. तो प्रश्न रास्त आहे. मात्र न्यायालयाचा आकडा आणि करविरोधाची शपथ दोन्ही पाळायच्या, तर कोणता खर्च कमी करणार, हे नोव्हेंबर २०२६ च्या निवडणुकीत त्यांनी विभाग आणि रक्कम यांसह मतदारांना सांगितले पाहिजे.