सोफा उलटा करून पाहा

(फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या महिला मेळाव्यात दिलेलं व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून उतरवून थोडं संपादित केलेलं.)

नमस्कार मंडळी. विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या रांगांत कुजबुज झाली, ती मला इथवर ऐकू आली. ज्यांच्या घरी ढेकूण आहेत त्यांनी हात वर करा, असं मी म्हणणार नाही. कोणी करणार नाही. चार वर्षांपूर्वी मीही केला नसता, आणि तेव्हा माझ्या हॉलमधला सोफा ढेकणांनी भरलेला होता.

मी आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. तरी स्वतःच्या घरातला ढेकूण ओळखायला मला दोन महिने लागले. ते कसं झालं हे आधी सांगते, कारण बहुतेक घरांत तसंच होतं.

चवथीला पाहुणे येणार, बसायला जागा हवी म्हणून आम्ही तीन माणसांचा एक सोफा घेतला. कोणीतरी भाड्याचा फ्लॅट रिकामा करत होतं, त्यांनी विकायला काढलेला. मरून रंगाचं कापड, वरून अगदी स्वच्छ. आमचे यजमान दुपारी जेवले की त्यावरच आडवे व्हायचे. आठ-पंधरा दिवसांत भाचीच्या दंडावर ओळीनं तीन-चार गांधी उठल्या. यजमानांच्या अंगावर मात्र काही नाही. ते म्हणाले, "मी रोज दोन तास त्यावर झोपतो, मला कुठे काय चावतं? डास असतील." आम्ही डासांच्या मागे लागलो.

इथे पहिली गोष्ट लक्षात घ्या. ढेकूण सगळ्यांना चावतो, पण सगळ्यांच्या अंगावर ते उठत नाही. चावताना त्याच्या लाळेतून बधिर करणारी द्रव्यं जातात, त्यामुळे तेव्हा कळतही नाही. पुढे खाज सुटते ती त्या लाळेला आपलं शरीर जे उत्तर देतं त्यामुळे, आणि ते उत्तर माणसागणिक वेगळं असतं. एका सोफ्यावर झोपणाऱ्या दोघांपैकी एकाचं अंग सोलून निघतं आणि दुसरा त्याला वेड्यात काढतो. घरात भांडणं होतात. ज्याला खाजतं त्याच्यावर विश्वास ठेवा, एवढं माझं मागणं आहे.

दुसरी गोष्ट. ढेकूण रात्रीच बाहेर पडतो असं आपण धरून चालतो. तो माणसाच्या उबेवर आणि श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवर येतो, स्वस्थ पडलेल्या माणसाकडे. आपल्या गोव्यात दुपारची झोप कोण चुकवतं? सोफ्यातल्या ढेकणाला ती दुपार पुरते. पाच-दहा मिनिटांत पोट भरून तो शिवणीत परत जातो.

सोफ्यात काय आहे हे मला कळलं ते मेस्त्री आले तेव्हा. एक बाजू खचली म्हणून मी त्यांना बोलावलं होतं. त्यांनी वरचं कापड बघितलंसुद्धा नाही. सरळ सोफा उलटा केला. सोफ्याच्या तळाला एक पातळ काळं कापड स्टेपलच्या पिना मारून बसवलेलं असतं. त्याच्या कडेला शाई सांडल्यासारखे बारीक काळे ठिपके होते. मेस्त्रींनी ओलं फडकं फिरवलं, ठिपके तांबूस-तपकिरी पसरले. ती ढेकणांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. मग पक्कडीनं चार पिना उपटून कापड दुमडलं. लाकडाच्या सांध्यात, जिथे पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या असतात तिथे, डाळीच्या दाण्याएवढे चपटे तांबूस ढेकूण दाटीवाटीनं बसले होते. त्यांच्या टाकलेल्या पारदर्शक काती होत्या, आणि लाकडाला चिकटलेली पांढुरकी अंडी, मिलिमीटरभर लांब. मेस्त्री हळूच म्हणाले, "बाई, मी हे कोणाला सांगत नाही. सगळीकडे असतं."

त्यांच्या त्या चांगुलपणाचं मला अजून बरं वाटतं. पण खरं सांगायचं तर ते सांगायला हवं होतं, आणि मीही सांगायला हवं होतं. मी शेजारी कोणाला बोलले नाही. गुपचूप फवाऱ्याचा डबा आणला आणि सोफ्यावर मारला. आठ दिवस शांतता. मग आतल्या खोलीत, सासूबाईंच्या पलंगावर ढेकूण निघाले. फवाऱ्यातल्या औषधानं थोडे मेले, बाकीचे पांगले. एका सोफ्यापुरतं होतं ते मी दोन खोल्यांत नेलं. सासूबाई तेव्हा ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या पाठीवरच्या गांधी पुसताना मला जे वाटलं ते इथे सांगवत नाही.

फवारा का चालला नाही, हे मी नंतर नीट वाचून काढलं. बाजारातल्या डब्यांत बहुधा पायरेथ्रॉइड जातीची औषधं असतात, आणि जगभरच्या ढेकणांत त्यांना दाद न देण्याची ताकद आलेली आहे. हे काही नवं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी या कीटकनाशकाचा केवढा दरारा होता. त्याचा कीटकांवरचा परिणाम शोधणाऱ्या पॉल म्यूलर यांना १९४८ साली नोबेल मिळालं. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९४७ मध्ये, हवाईतल्या पर्ल हार्बरच्या नौदल बराकींत डीडीटीला न जुमानणारे ढेकूण सापडले होते. शिवाय अंड्यांवर या फवाऱ्यांचा फारसा परिणाम होत नाही, आणि सोफ्याच्या पोटात औषध पोचतच नाही. आपण ते मारतो वरच्या कापडावर, जिथे उद्या लहान मूल गाल टेकून झोपणार असतं.

आता एक गोष्ट जरा आवाज चढवून सांगते. ढेकणांवर रामबाण म्हणून कोणी धान्यात ठेवायच्या गोळ्या किंवा त्यांची पूड आणून दिली, तर ती घरात घेऊ नका. ते अॅल्युमिनिअम फॉस्फाइड असतं. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फीन वायू सुटतो, आणि आपल्याकडे ओलाव्याला काय तोटा? हा वायू दाराखालून, फटींतून शेजारच्या खोलीत जातो. त्यावर उतारा नाही. ढेकणांसाठी ठेवलेल्या अशा औषधानं झोपेतच माणसं गेल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचलेल्या आहेत, त्यांत मुलं होती. ढेकूण चावून माणसाला रोग होत असल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही. खाज, खाजवून चिघळलेली जखम, झोपेचं खोबरं, हे सगळं खरं. पण त्यापायी घरात मरण आणू नका. रॉकेलही नको. फोम आणि रॉकेल एकत्र, म्हणजे एका ठिणगीचं काम.

मग करायचं काय? माझ्या आजीकडे, डिचोलीच्या घरी, उन्हाळ्यात खाटा अंगणात काढायचे. न्हाणीघरातल्या भाणात पाणी खळखळ उकळायचं आणि ते तांब्यानं खाटेच्या सांध्यांत ओतायचं. खाट आपटायची, पुन्हा ओतायचं. आम्हा मुलांना तो खेळ वाटे. आज शास्त्र तेच सांगतं: ढेकणाचा खरा शत्रू उष्णता. ४८ अंश सेल्सिअस तापमान दीड तास टिकवलं तर अंडीसुद्धा मरतात, आणि साठाच्या पुढे गेलं की फार वेळ लागत नाही. उष्णतेला दाद न देणारा ढेकूण अजून कोणाला भेटलेला नाही.

पण फोमच्या सोफ्यावर उकळतं पाणी ओतता येत नाही. तिथे वाफ वापरायची. घरगुती वाफेचं यंत्र मिळतं; चार घरांनी मिळून एक घेतलं तरी चालेल, आमच्या वाड्यावर आता तसंच आहे. वाफ मारायची ती घाईनं नाही. हातभर शिवण पार करायला निदान अर्धा मिनिट लागला पाहिजे, आणि वाफ गेल्यावर कापडाचं तापमान सत्तर-ऐंशी अंश भरलं पाहिजे. यंत्राचं तोंड बारीक असेल तर जोरानं ढेकूण उडून दुसरीकडे पडतात, म्हणून रुंद तोंड लावा किंवा त्याला सुती फडकं बांधा. वाफ कापडाखाली दोन-चार सेंटिमीटरच जाते. म्हणूनच मी मघापासून उलटा करा, उलटा करा म्हणते आहे. तळाचं काळं कापड पूर्ण काढून टाका, त्याची काही गरज नाही. मग चौकटीचे सांधे, पट्ट्यांची टोकं, पायांचे स्क्रू, पाठ आणि बैठक जिथे मिळतात ती खाच, पाइपिंगची शिवण, बटणांच्या मागची जागा. वाफेआधी व्हॅक्यूम फिरवा आणि त्यातला कचरा लगेच पिशवीत घट्ट बांधून घराबाहेर टाका. अंडी चिकटलेली असतात, व्हॅक्यूमनं ती सगळी सुटत नाहीत. म्हणून वाफ हवीच. रेक्झिन, चामडं, मखमल असेल तर आधी मागच्या बाजूला थोड्या जागेवर करून बघा. आणि पावसाळ्यात हे करत असाल तर पंखा दिवसभर चालू ठेवा, नाहीतर ढेकूण जातील आणि बुरशी येईल.

उशांच्या खोळी, सोफ्याची कव्हरं चेन काढून सरळ उकळत्या पाण्यात, किंवा मशीनमध्ये ६० अंशांवर. जे धुता येत नाही ते पिशवीत घालून चार-पाच दिवस डीप फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यावर भरवसा ठेवू नका, तो तेवढा थंड नसतो. उन्हाचं बऱ्याच जणी विचारतात. सोफा नुसता उन्हात ठेवून उपयोग नाही. वर तापतं, ढेकूण आत थंडाव्याला सरकतात. छोटी वस्तू काळ्या प्लास्टिकमध्ये बांधून कडक उन्हात ठेवली तर जमतं, पण आत थर्मामीटर ठेवून खात्री करा.

बोरिक पावडर झुरळांना चालते कारण झुरळ अंग चाटतं. ढेकूण फक्त रक्त पितो; त्याच्या पोटात ती जायची कशी? आवाज करून कीटक पळवणारी यंत्रं विकत घेऊ नका. ढेकूण अडकावेत म्हणून सोफ्याच्या पायांखाली ठेवायच्या गुळगुळीत वाट्या व्हिडिओत दाखवतात, त्याबद्दल मात्र थोडं सांगायला हवं. थंड देशांत जो ढेकूण जास्त आढळतो तो सायमेक्स लेक्ट्युलॅरियस. आपल्यासारख्या उष्ण मुलखातला सायमेक्स हेमिप्टेरस. दिसायला सारखे, पण आपल्याकडचा गुळगुळीत भिंत चढण्यात पटाईत आहे. त्याच्या पायांवर त्यासाठी जास्त केस असतात. तिकडे वाटीत अडकणारा ढेकूण इकडे वाटी चढून जातो. वाट्या ठेवायच्याच तर आतून टाल्कम पावडर लावा, आणि सोफा भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण माझं काम इथेच अडलं होतं. पहिल्या वाफेनंतर दहा दिवस काही दिसलं नाही आणि मी सुटकेचा श्वास टाकला. आपल्या हवेत ढेकणाचं अंडं साधारण सहा ते दहा दिवसांत फुटतं. पिल्लू तांदळाच्या कणीपेक्षा लहान, जवळजवळ पारदर्शक. रक्त प्यायल्यावरच लाल दिसतं. ते पाच वेळा कात टाकतं, दर वेळेला त्याला रक्त लागतं, आणि महिना-दीड महिन्यात अंडी घालण्याजोगं होतं. म्हणजे जी अंडी वाफेतून वाचली, ती फुटल्यावर पण मोठी होण्याआधी दुसरी वाफ द्यायची: बाराव्या-चौदाव्या दिवशी. तिसरी आणखी पंधरवड्यानं. मी कालनिर्णयावर लाल पेनानं तीन तारखा केल्या आणि सोफा तीनदा उलटा केला. तिसऱ्या वेळी काही सापडलं नाही, तरी पुढे दोन महिने दर रविवारी टॉर्च घेऊन बघत होते.

या काळात सोफा दुसऱ्या खोलीत हलवू नका, आणि त्यावरून उठून पलंगावरही जाऊ नका. ढेकूण मागोमाग येतात. प्लास्टिकमध्ये गुंडाळून उपाशी मारायचं म्हणाल तर ते महिनोन् महिने उपाशी राहू शकतात, सहा महिने तरी पिशवी उघडता येणार नाही.

खोल्याच्या खोल्या भरल्या असतील तर पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलवा, त्यात कमीपणा नाही. फक्त विचारा: कुठलं औषध, सोफ्याचा तळ उघडणार का, आणि पुन्हा कधी येणार. एकाच फेरीत पक्कं काम म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

जुन्या घरांतल्या वेताच्या खुर्च्यांचं एका काकींनी चिठ्ठीत विचारलं आहे. वेत जिथे लाकडाच्या भोकांतून ओवलेला असतो, ती भोकं बघा. तिथे वाफ चालते, वेताला इजा होत नाही; पॉलिश मात्र पांढरं पडू शकतं. लाकूड शिसवीचं असेल तर हे काम मेस्त्रींना सोबत घेऊनच करा.

आणि कोणी जुना सोफा विकत घेणार असेल तर दारातच, आत आणण्याआधी, उलटा करून तळाचं कापड उचकटा. विकणाऱ्याला राग आला तर येऊ दे. आपला सोफा टाकायचा असेल तर कापड फाडून, वर ठळक लिहून टाका. नाहीतर कोणीतरी गरीब माणूस तो उचलून घरी नेईल.

मेस्त्रींनी काढलेलं ते काळं कापड मी ठेवून दिलं होतं. त्याचा एक तुकडा आणि स्पिरिटच्या बाटलीत अंड्यांपासून मोठ्या ढेकणापर्यंत सगळ्या अवस्था त्या टेबलावर मांडल्या आहेत. भिंग एकच आहे, म्हणून रांगेनं या. ज्यांना घरचं काही विचारायचं असेल त्यांनी सगळे गेल्यावर थांबलं तरी चालेल, मी शेवटच्या बसपर्यंत इथेच आहे.