पोत्यावरचा ‘सेंद्रिय’ शब्द आणि कोंबडीची गरज

परसात चार-सहा कोंबड्या पाळणारे बहुतेक जण एकच विचारतात : खाद्य सेंद्रिय घ्यावं की साधं? उत्तर आधीच देऊन टाकतो. खाद्य संतुलित आहे का, हे पहिलं बघा. ताजं आहे का, हे दुसरं. दोन्हींत ते उतरलं, तरच सेंद्रियचा विचार करा. हा क्रम उलटा झाला की झळ कोंबडीला बसते.

‘सेंद्रिय’ हा शब्द धान्य कसं पिकवलं ते सांगतो. रासायनिक खतं आणि कीटकनाशकं टाळलेली, बियाणं जनुकीय बदल न केलेलं, पेंड हेक्झेनसारख्या द्रावकानं नव्हे तर घाण्यावर दाबून काढलेली. प्रथिनं किती आणि कॅल्शियम किती, हे मात्र पोत्याला शिवलेल्या चिठ्ठीवरच कळतं. अंड्यावरच्या कोंबडीला 16 ते 18 टक्के प्रथिनं आणि 3.5 ते 4.5 टक्के कॅल्शियम लागतं. पिल्लांना प्रथिनं 18 ते 20 टक्के, पण कॅल्शियम 1 टक्क्याच्या आसपासच. तलंगांना, म्हणजे अजून अंडी न देणाऱ्या तरुण कोंबड्यांना, अंड्यावर यायच्या कितीतरी आधीपासून लेयरचं (अंड्यावरच्या कोंबडीचं) खाद्य घातलं तर जादा कॅल्शियमनं मूत्रपिंडं बिघडतात. खाद्य सेंद्रिय असलं तरी हे टळत नाही.

आता खरी गोम मेथिओनिनची आहे. मका आणि सोयाबीन पेंड एकत्र केली की सगळ्यात आधी कमी पडतं ते हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक. साध्या खाद्यात कारखान्यात बनवलेलं मेथिओनिन चिमूटभर मिसळलं की काम भागतं. सेंद्रिय नियमांत त्यावर बंदी किंवा कडक मर्यादा असते. मग खाद्य बनवणारे पेंड वाढवतात किंवा तीळ, सूर्यफुलाची पेंड, मासळीची भुकटी वापरतात. हे नीट जमवलेलं खाद्य उत्तम असतं. पण नुसती सोयाबीन पेंड वाढवली तर प्रथिनं गरजेपेक्षा जास्त होतात, जादा नत्र विष्ठेतून बाहेर पडतं, अंथरूण ओलं राहतं आणि खुराड्यात अमोनियाचा दर्प येतो. आणि जमवलंच नाही, तर अंडी लहान होतात, नवी पिसं नीट भरत नाहीत, कोंबड्या एकमेकींची पिसं उपटून खाऊ लागतात. म्हणून चिठ्ठीवर मेथिओनिनचा आकडा शोधा. लेयरच्या खाद्यात तो साधारण 0.3 टक्क्याच्या खाली नसावा.

ताजेपणाचा हिशेब सोपा आहे. एक कोंबडी दिवसाला 100 ते 120 ग्रॅम खाते. म्हणजे चार कोंबड्यांना 25 किलोचं पोतं पन्नास दिवसांहून अधिक पुरतं. दळल्यापासून जीवनसत्त्वं झिजत जातात आणि तेल खवट होऊ लागतं. घाण्याच्या पेंडीत तेल जास्त उरतं, त्यामुळे सेंद्रिय खाद्य खवट होण्याची भीती अधिक. ज्या दुकानात त्याला गिऱ्हाईक कमी, तिथे पोतं आधीच दोन महिने पडून असू शकतं. तारीख बघून लहान पोतं घ्या, झाकणाच्या पिंपात, जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवा. कुबट वास आला किंवा गोळे झाले, तर ते चाळून घालू नका. बुरशी चाळणीत अडकेल, तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, खाद्यातच राहील. ताजं साधं खाद्य आणि शिळं सेंद्रिय खाद्य, यांत मी डोळे झाकून ताजं निवडेन.

साधं खाद्य म्हणजे औषध घातलेलं, हा समज चुकीचा आहे. औषध बहुधा पिल्लांच्या काही खाद्यांत असतं, रक्ती हगवण रोखण्यासाठी. त्यातलं अँप्रोलियम हे प्रतिजैविक नाही. ते हगवण आणणाऱ्या परजीवीला थायमिन (ब-1 जीवनसत्त्व) मिळू देत नाही, म्हणून त्याच वेळी पाण्यातून थायमिनचा भरपूर डोस दिला तर औषधाचा जोर जातो. रक्ती हगवणीची लस दिलेल्या पिल्लांना हे खाद्य देऊ नये. लसीचा उपयोगच राहत नाही. औषधाविना वाढवायचं असेल, तर अंथरूण कोरडं आणि गर्दी कमी, यात ढिलाई चालत नाही.

बलकाच्या रंगावरून सेंद्रिय ओळखता येत नाही. तो पिवळा मका, हिरवा पाला, झेंडूच्या पाकळ्या यांतून येतो.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. कोंबडी दिवसभर माती टोचते. जुना रंग खरवडलेल्या भिंतीजवळच्या किंवा कचरा जाळलेल्या मातीत शिसं असेल, तर ते अंड्यात उतरतं. खाद्य कितीही शुद्ध आणलं तरी ती वाट बंद होत नाही. आधी माती तपासून घ्या.

घरच्या सेंद्रिय धान्याचं मिश्रण करणारेही भेटतात. कोंबडी त्यातला मका वेचते, खनिजं आणि जीवनसत्त्वांची पूड तळाशी राहते. थोडं पाणी शिंपडून ओलसर करा आणि त्याच दिवशी संपवा. कच्चं सोयाबीन घालू नका. त्यातलं ट्रिप्सिनरोधक द्रव्य प्रथिनं पचू देत नाही, भाजल्यावर ते मोडतं. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, जिला हवा ती घेईल.

खाद्य बदलायचं ठरलं, तर एकदम बदलू नका. तीन दिवस पाव भाग नवं, तीन दिवस निम्मं, तीन दिवस पाऊण, मग पूर्ण. बदलण्याआधी दहा अंडी वजन करून आकडा लिहून ठेवा आणि तीन आठवड्यांनी पुन्हा दहा अंडी तोला. वजन घटलं असेल आणि कोंबड्या पिसं टाकत नसतील, तर आधी चिठ्ठीवरचा मेथिओनिनचा आकडा आणि मग पोत्याची तारीख पुन्हा वाचा.