गोळीच्या आजूबाजूचं सगळं

मंडळी, एप्रिल लागला की नागपुरात आमच्या ओपीडीत एक तक्रार हमखास येते. तरुण मुलगा, बायपोलरचा आजार आहे, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी फार खचतं; ते स्थिर ठेवणाऱ्या लिथियमच्या गोळीवर दोन वर्षं छान चाललेलं. आई सांगते, ‘परवापासून हात थरथरतात, उलट्या होतात, चालताना झोक जातो. पुन्हा बिघडलं का हो याचं?’ मी विचारतो, कामाला कुठे जातो? डिलिव्हरीचं काम. भर दुपारी गाडीवर. पाणी? तेवढा वेळ मिळत नाही. शिवाय कुणीतरी बीपीच्या भीतीनं मीठ बंद करायला सांगितलेलं, आणि डोकं दुखतं म्हणून दुकानातून आणलेली आयबुप्रोफेन चालू.

अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम बाहेर टाकत नाही, धरून ठेवतं. आयबुप्रोफेननं त्यात भरच पडते. रक्तातली पातळी चढते आणि विषबाधेची लक्षणं दिसू लागतात. अशा वेळी उद्यावर न ढकलता त्याच दिवशी दवाखान्यात आणायचं, रक्त तपासायचं. त्या मुलाचं मन बिघडलंच नव्हतं. त्याची दुपार कशी जाते, हे कुणी विचारलं नव्हतं.

मनाच्या आजारात करुणा हवी, असं आपण म्हणतो. करुणा म्हणताना माझ्या मनात हे विचारणं असतं. झोप किती लागते, थायरॉइड तपासलाय का, बी-12 कमी आहे का, घरात दारू आहे का, कर्जाचा हप्ता थकलाय का. थायरॉइड मंदावला तरी माणूस उदास होतो, सुस्तावतो. त्याला ‘जरा पॉझिटिव्ह राहा’ म्हणून काय होणार?

प्राणायाम, भजन, सकाळी फुटाळा तलावावर फेरी, सगळं करा, मी आनंदानं हो म्हणतो. पण ते सुरू झालं म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका. नैराश्याच्या गोळीचा गुण यायलाच दोन ते चार आठवडे लागतात. बरेच जण नेमकं त्याआधीच सोडतात.

आता भाषेबद्दल. छिंदवाडा रोडवरचं आपलं प्रादेशिक मनोरुग्णालय 1864 सालचं. इतक्या वर्षांनीही ऑटोवाल्याला ‘पागलखाना चौक’ म्हटल्याशिवाय पत्ता कळत नाही. तिथून बरा होऊन निघालेला माणूस त्याच चौकात ऑटो शोधतो, याचा मला फार त्रास होतो. तुम्ही तरी तो शब्द सोडा, ही विनंती आहे.

रात्री-बेरात्री कुणाशी बोलायचं असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

आणि एक काम बरं असतानाच करून ठेवा. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आजारी माणसाला आपला प्रतिनिधी, म्हणजे उपचाराच्या निर्णयात आपल्या बाजूनं उभा राहणारा माणूस, स्वतः नेमायचा हक्क दिलाय. साध्या कागदावर लिहून सही केली, अंगठा दिला, तरी चालतं. तो मोठ्या भावाऐवजी मित्राचं नाव घेईल, कदाचित शेजारच्या काकूंचं. घरच्यांच्या मनाला लागतं ते, मला कळतं. तरी नाव त्यालाच घेऊ द्या.