शिडी कुठे उभी होती?

नमस्कार, श्रोतेहो.

एक माणूस शिडीवरून पडला असं धरून चाला. शहर टोरांटो, प्रांत ऑन्टारिओ, देश कॅनडा. माणूस चाळिशीतला, पेशाने सुतार. पडला तो थेट पाठीवर. मणक्याला असा मार बसला, की खाली वाकून खिळ्यांचा डबा उचलायचा म्हटलं तरी डोळ्यांपुढे काजवे चमकावेत. आता या गड्याच्या घरी पुढची काही वर्षं दरमहा किती पैसे येतील? तुम्ही म्हणाल, मार किती लागलाय त्यावर अवलंबून. तसं नाही. ते ठरतं शिडी कुठे उभी होती त्यावरून.

शिडी बांधकामाच्या जागेवर असेल तर प्रांताचं कामगार विमा मंडळ पुढे येतं आणि हातात पडणाऱ्या पगाराच्या ८५ टक्के रक्कम देतं. तीच शिडी त्याच्या स्वतःच्या घराला टेकवलेली असेल आणि तो सुट्टीच्या दिवशी छपराच्या पन्हळीतला पाचोळा काढत असेल, तर मंडळाचा संबंध संपला. मग त्याला जावं लागतं बेकारी विम्याकडे. तिथे आजारपणासाठी पगाराच्या ५५ टक्के मिळतात, त्यालाही वर मर्यादा आहे, आणि तेही जास्तीत जास्त २६ आठवडे. डिसेंबर २०२२ पर्यंत तर १५ आठवड्यांतच गाडी थांबायची. पण मणक्याला कुठे ठाऊक असतं की २७वा आठवडा लागला! मालकाने खासगी विमा काढला असेल तर ठीक. नसेल तर केंद्राच्या पेन्शन योजनेतलं अपंगत्व निवृत्तिवेतन. त्यासाठी आधी पुरेशी वर्षं वर्गणी भरलेली हवी आणि अपंगत्व ‘गंभीर आणि दीर्घकालीन’ असल्याचं सिद्ध करायला हवं, म्हणजे कुठलंच पोटापुरतं काम नियमितपणे जमत नाही असं. तेही नाही झालं तर प्रांताचा अपंग सहाय्य भत्ता. पण तिथे पहिल्यांदा तुमच्या गाठीला किती पैसे आहेत ते मोजतात. एकट्या माणसाजवळ, राहतं घर सोडून, ४० हजार डॉलरपेक्षा जास्त शिल्लक असली की दार बंद. आणि हाच माणूस शिडीऐवजी मोटारीच्या अपघातात सापडला असता, तर वाहन विम्याचं आणखी एक दार होतंच.

मणका एकच आणि दारं पाच-सहा. प्रत्येक दारावरचा माणूस निराळा, फॉर्म निराळा, आणि ‘अपंग’ कुणाला म्हणायचं याची व्याख्यासुद्धा निराळी.

हा सगळा गुंता एकत्र ठेवून बघावा म्हणून कॅनडात संशोधकांचं एक जाळं उभं राहिलं. ‘सेंटर फॉर रिसर्च ऑन वर्क डिसॅबिलिटी पॉलिसी’ हे त्याचं नाव. सात वर्षांसाठी आखलेला हा उपक्रम. टोरांटोच्या ‘इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थ’चे अर्थतज्ज्ञ एमिल टॉम्पा आणि वॉटर्लू विद्यापीठाच्या समाजशास्त्रज्ञ एलन मॅकेकन यांनी तो मिळून चालवला. पैसा तिथल्या केंद्रीय सामाजिक शास्त्र संशोधन परिषदेचा. मला यातली एक गोष्ट फार आवडली. जखमी कामगारांच्या संघटना यात नुसत्या माहिती पुरवायला नव्हत्या, भागीदार म्हणून बसलेल्या होत्या. एरवी अशा अभ्यासात त्यांच्या वाट्याला प्रश्नावली येते आणि वर एक आभारपत्र.

‘वर्क डिसॅबिलिटी’ला मराठीत काय म्हणावं यावर मी बराच वेळ अडलो होतो. ‘अपंगत्व’ म्हटलं की आपलं लक्ष शरीराकडे जातं, हात, पाय, डोळे. इथे बोलणं चाललंय ते शरीर आणि काम यांच्यामधल्या अंतराबद्दल. पाठ दुखणारा हिशेबनीस चांगली खुर्ची मिळाली तर कामावर असतो. पाठ दुखणारा हमाल नसतो. दोघांची दुखणी अगदी सारखी असू शकतात. नेमका शब्द मला अजून सुचलेला नाही, म्हणून आज इंग्रजीच वापरतोय.

ही दारं वेगवेगळी झाली कशी, ते सांगतो. १९१४च्या आधी ऑन्टारिओत कारखान्यात हात गेला तर कामगाराला मालकावर खटला भरावा लागे. चूक मालकाचीच होती हे त्याने सिद्ध करायचं. मालकाचा वकील उठून म्हणणार, चूक याची स्वतःची होती, किंवा शेजारच्या कामगाराची होती, किंवा धोका ठाऊक असूनच हा कामावर आला होता. बहुतेक खटले तिथेच गारद. प्रांताचे मुख्य न्यायमूर्ती सर विल्यम मेरेडिथ यांना यावर तोडगा काढायला सांगितलं गेलं. त्यांचा अहवाल आला १९१३ साली, पुढच्या वर्षी कायदा झाला आणि १ जानेवारी १९१५ पासून तो लागू झाला. सौदा सरळ होता. कामगाराने मालकावर खटला भरण्याचा हक्क सोडायचा. मालकांनी मिळून एका निधीत पैसे भरायचे. आणि चूक कुणाची हे न विचारता जखमी माणसाला भरपाई द्यायची. ती किती दिवस? अपंगत्व असेल तितके दिवस, असं मेरेडिथ यांचं म्हणणं होतं.

त्या काळाच्या मानाने हे मोठंच पाऊल. पण या सौद्यामुळेच कामावर झालेली जखम आणि इतर जखमा यांच्यात भिंत उभी राहिली. पुढे बेकारी विमा आला, पेन्शन आली, प्रांतांचे भत्ते आले. जो तो आपापली खोली बांधत गेला आणि खोल्यांना जोडणारा व्हरांडा बांधायचा राहूनच गेला.

आता तो सुतार कामावरच पडला असं धरू, म्हणजे नशीबवान दारातून आत आला. पुढे काय होतं? तीन कागद निघतात. एक तो स्वतः भरतो, एक मालक आणि एक डॉक्टर. मालकाने कळल्यापासून तीन कामाच्या दिवसांत आपला कागद पाठवायला हवा. मग आणखी एक फॉर्म येतो, त्यात डॉक्टरने खुणा करायच्या असतात. चालू किती शकतो, उभा किती राहू शकतो, जमिनीपासून कमरेपर्यंत किती किलो उचलू शकतो, जिने चढू शकतो का. कल्पना चांगली आहे, कारण माणसाला काय जमतं हे कळलं की तसं हलकं काम देता येतं. पण डॉक्टरने सुताराचं काम कधी पाहिलेलं नसतं आणि मालकाने त्याचा मणका. दोघांमधला दुवा म्हणजे हा एक कागद.

आणि मधला एखादा कागद उशिरा पोहोचतो. डॉक्टरची चिठ्ठी तपासणी अधिकाऱ्याला पुरेशी वाटत नाही. खुलासा मागवणारं पत्र जुन्या पत्त्यावर जातं. भत्ता महिनाभर थांबतो, घरभाडं थकतं, झोप उडते. झोप उडाली की दुखणं वाढतं, आणि दुखणं वाढलं की अधिकाऱ्याला शंका येते, इतके दिवस झाले, अजून कसा बरा होत नाही? २०१० साली मॅकेकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे लांबलेले दावे असलेल्या कामगारांशी बोलून एक अभ्यास मांडला. त्यांनी त्याला नाव दिलं ‘टॉक्सिक डोस’, म्हणजे विषारी मात्रा. यातली कुठलीच अडचण एकटी भयंकर नसते, अगदी किरकोळ असते. पण थेंबाथेंबाने साचत जाते आणि माणूस मूळ जखमेपेक्षा या साठ्यानेच जास्त खचतो. ज्याला बाहेरून बघणारा कामचुकार म्हणतो, तो पुष्कळदा पत्रव्यवहाराने आजारी पडलेला असतो.

सगळीकडे असंच होतं असं मात्र नाही. क्युबेक प्रांतातल्या शेरब्रूक इथे पॅट्रिक लोइझेल या डॉक्टरांनी पाठदुखीने चार आठवड्यांहून जास्त रजेवर असलेल्या कामगारांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी उपचार थेट कामाच्या जागी नेले. एक तज्ज्ञ, तो कामगार आणि त्याचा मुकादम, तिघांनी मिळून यंत्रापाशी उभं राहायचं आणि बघायचं, नेमकी पाठ कुठे वाकते, टेबल वर घेता येईल का, खोकं दुसरीकडे ठेवता येईल का. या उपायाला दवाखान्यातल्या उपचारांची जोड मिळालेले लोक नेहमीच्या पद्धतीपेक्षा २.४ पट वेगाने आपल्या मूळ कामावर परतले. मणका तसाच. मोठा फरक हा, की बोलायला हवं होतं ते लोक एका खोलीत आले. खरं तर एका यंत्रापाशी.

याउलट एक गोष्ट सांगतो, तिचा मला राग येतो. सुताराला सुतारकाम आता जमणार नाही असं ठरलं, की मंडळ बघतं, याला दुसरं कुठलं काम जमेल? म्हणजे समजा, गाड्यांच्या तळावर बसून पावत्या फाडणं जमेल. मग ते काम तो करतोय असं मानून त्याचा पगार हिशेबात धरतात आणि तेवढी भरपाई कापतात. ती नोकरी त्याला प्रत्यक्षात मिळालीच पाहिजे असं नाही. कुणी देऊ केलीय असंही नाही. कागदावरची नोकरी आणि कागदावरचा पगार, पण कापले जातात ते खरे डॉलर. जखमी कामगार याला ‘डीमिंग’ म्हणतात, मराठीत ‘मानीव नोकरी’ म्हणता येईल. अपंगत्व असेल तितके दिवस भरपाई, असं म्हणणाऱ्या मेरेडिथ यांचा अहवाल वाचून मग हे वाचावं.

दुखणं दिसत नसलं तर आणखी पंचाईत. नोव्हा स्कोशिया प्रांताने आपल्या भरपाई कायद्यातून जुनाट वेदना चक्क वगळूनच टाकली होती. चार आठवड्यांचा एक ठरावीक कार्यक्रम घ्या, पुढे काही नाही. २००३ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने हे एकमताने घटनाबाह्य ठरवलं. वेदना एक्स-रेत दिसत नाही म्हणून ती नाहीच असं धरता येणार नाही, असा त्याचा अर्थ.

मग येतात ज्यांचं दुखणं लपंडाव खेळतं ते लोक. संधिवात, अर्धशिशी, नैराश्य, मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार. सोमवारी ठणठणीत, गुरुवारी अंथरुणात. कॅनडाच्या सांख्यिकी खात्याने २०१७च्या पाहणीतून दाखवलं, की अपंगत्व असलेल्या दहापैकी सहा जणांचा त्रास असा बदलता असतो. पण योजना मात्र दोनच रकाने ओळखतात, काम जमतं किंवा जमत नाही. अशा माणसाने बऱ्या आठवड्यात चार पैसे कमवावेत म्हटलं, तर हिशेब बघा. ऑन्टारिओच्या अपंग भत्त्यावर असलेल्याला २०२३ पासून महिना १००० डॉलरपर्यंतची कमाई माफ आहे, त्याआधी २००च होती. हजाराच्या वर मात्र प्रत्येक डॉलरमागे ७५ सेंट भत्त्यातून कापतात. १४०० कमावले तर वरच्या ४०० मधले हातात उरतात १००. तुम्हीच सांगा, दुखऱ्या सांध्यांनी ते शेवटचे दोन दिवस कोण कामाला जाईल?

आकडे थोडे पुढे सरकलेत, तेही सांगायला हवं. २०२२च्या पाहणीत १५ वर्षांवरच्या २७ टक्के कॅनडावासीयांनी काही ना काही अपंगत्व असल्याचं सांगितलं. म्हणजे सुमारे ८० लाख लोक. २५ ते ६४ वयोगटातले अपंगत्व असलेले ६२ टक्के लोक नोकरीत होते, नसलेले ७८ टक्के. पाच वर्षांपूर्वी ही दरी २१ टक्क्यांची होती, आता १६ची.

आणि ताजी बातमी म्हणावी तर नव्या केंद्रीय भत्त्याची. ‘कॅनडा डिसॅबिलिटी बेनिफिट’चा कायदा जून २०२३ मध्ये झाला, पैसे सुरू झाले जुलै २०२५ पासून. केवढा गाजावाजा झाला होता! आले किती, तर महिना जास्तीत जास्त २०० डॉलर. दिवसाला सात डॉलरसुद्धा नाहीत. तेही आधी अपंगत्वाची करसवलत मंजूर झालेली असेल तर, म्हणजे आणखी एक फॉर्म आणि आणखी एक डॉक्टरची सही. त्यात अल्बर्टा प्रांताने ठरवलं, की केंद्र देतंय ना, मग तेवढी रक्कम आम्ही आमच्या भत्त्यातून वळती करून घेतो. एका खोलीतून आलं ते दुसऱ्या खोलीत गेलं. माणूस मध्ये दारात उभा.

जाता जाता १ जून १९८३चा प्रसंग सांगतो. ऑन्टारिओत तेव्हा जखमी कामगारांचं आजन्म पेन्शन बंद करण्याचा विचार चालू होता आणि विधिमंडळाच्या समितीपुढे त्यावर सुनावणी ठेवली होती. टोरांटोतल्या क्वीन्स पार्कच्या त्या इमारतीसमोर तीन हजारांहून अधिक जखमी कामगार येऊन उभे राहिले. कुणी काठी टेकत, कुणी कमरेला पट्टा बांधून. समितीच्या खोलीत एवढी माणसं मावणं शक्यच नव्हतं. शेवटी समितीला बाहेर यावं लागलं आणि सुनावणी विधिमंडळाच्या पायऱ्यांवर झाली. तेव्हापासून ही मंडळी दर वर्षी १ जूनला तिथे जमतात.

नमस्कार.