जुनं विमान, नवं नाव

हँगरमधून ढकलत बाहेर येतंय ते मायक्रोलाइट. वर त्रिकोणी कापडी पंख, खाली तीन चाकांची गाडी, एकामागे एक दोन आसनं, आणि सगळ्यात मागे इंजिन. विमान जुनंच आहे. मालक तेवढा नवा.

जुनं विमान घेताना नजर आधी उड्डाणाच्या तासांवर जाते. ‘फारच कमी उडलंय’ हे ऐकायला छान वाटतं, पण खरी चौकशी इथूनच सुरू व्हायला हवी. अशा कितीतरी विमानांवर रोटॅक्स ५८२ हे टू-स्ट्रोक इंजिन असतं. ते महिनोन्‌महिने बंद राहिलं, तर आतल्या क्रँकशाफ्टच्या बेअरिंगला गंज धरतो आणि बाहेरून काही कळतही नाही. म्हणूनच त्याच्या ओव्हरहॉलची, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्त करण्याची, मुदत दुहेरी आहे: ३०० तास किंवा ५ वर्षं, जे आधी भरेल ते. नेमानं उडालेलं, नोंदी चोख असलेलं विमान हे धूळ खात पडलेल्या विमानापेक्षा केव्हाही बरं.

पंखाची गोष्ट वेगळी. त्याचं पॉलिस्टर कापड उन्हानं हळूहळू कमजोर होत जातं. रंग उजळ दिसतो, पण शिवणीतला दोरा विरलेला असू शकतो. जाणकार माणूस शिवणी तपासतो, आतल्या नळ्या चाचपतो. आणि ज्या बोल्टवर अख्खी गाडी पंखाला टांगलेली असते, तो कधी बदलला याची नोंद लॉगबुकात, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत शोधतो.

लॉगबुकाची पानं उलटता उलटता विमान ओळखीचं होतं. मग नावाचा विषय निघतो.

१९३० साली ब्रिटिश वैमानिक ॲमी जॉन्सननं असंच एक वापरलेलं विमान घेतलं, डी हॅविलंड जिप्सी मॉथ. वडिलांनी आणि तेल उद्योजक लॉर्ड वेकफिल्ड यांनी पैशांचा भार उचलला. तिनं त्याचं नाव ठेवलं ‘जेसन’. वडिलांच्या माशांच्या व्यापाराचा तो छाप होता. ५ मेला ती लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून एकटी निघाली, वाटेत झाशीला उतरावं लागलं, आणि २४ मेला ती ऑस्ट्रेलियात डार्विनला पोहोचली. घरचं नाव अंगावर घेऊन उडालेलं ते जुनं विमान आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. इतकं जिव्हाळ्याचं नाव क्वचितच कुठल्या विमानाला मिळालं असेल.

नाव लिहायचं कुठे? पंखाच्या कापडावर रंग लावू नये. रंगातली रसायनं कापडाला बाधू शकतात. आसनांपुढच्या फायबरच्या कवचावर स्टिकर उत्तम. नोंदणीची अक्षरं मात्र झाकली जाता कामा नयेत, कारण रेडिओवर विमानाची ओळख त्यांनीच पटते.

आणि आधीच्या मालकानं नाव ठेवलेलं असेल तर? आमच्या मते ते राहू द्यावं. ज्यानं हे विमान इतकी वर्षं जपलं, त्याचा तेवढा हक्क नक्कीच आहे.