कापड हातात घेण्याआधी

2020 मध्ये माझ्याकडे एक जुनी क्लासिकल गिटार आली. घरच्यांनी काळजीपोटी ती सॅनिटायझरने पुसली होती. पुढच्या पाटीवर चार बोटं आणि अंगठा स्पष्ट उमटले होते, भोवती पांढुरका डाग. गिटारला फ्रेंच पॉलिश होतं. म्हणजे लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापडाच्या बोळ्याने थरावर थर चढवायचे. आता जी लाख स्पिरिटात विरघळूनच लाकडावर चढली, ती स्पिरिट लागताच पुन्हा मऊ पडणार. पुसणाऱ्यांचा दोष नाही, त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून मंडळी, आधी वरचा थर कशाचा आहे ते विचारा. 1950-60 च्या दशकांतल्या गिब्सन, मार्टिन या कंपन्यांच्या गिटारींवर बहुधा नायट्रोसेल्युलोज लॅकर असतो. तो थिनरने विरघळतो, आणि स्टँडचं रबर किंवा व्हिनाइलचा पट्टा महिनोन्‌महिने टेकून राहिला तरी तिथे चिकट होतो. पट्टा गिटारला गुंडाळून पेटीत ठेवायची सवय आजच सोडा.

आपल्या सोलापुरात टॉवेलला तोटा नाही, पण गिटारला टॉवेल लावू नका. त्याचे फासे पेगात (तारा ताणायच्या खुंट्यांत), तारांच्या टोकांत अडकतात. नवं कापडही नको, त्यात खळ असते. इथे मागावर बसलेल्यांना ते मी काय सांगणार! वर्षानुवर्षं धुऊन विरलेलं सुती धोतर घ्या. आधी नुसती धूळ झटका, कारण धुळीसकट घासलं की चरे पडतात. मग चष्म्यावर सोडतो तशी तोंडाची वाफ सोडा आणि हलक्या हाताने पुसा. घामाचा डाग त्यानेही जात नसेल तर डिस्टिल्ड वॉटरने कापड जेमतेम ओलं करा, लगेच कोरडं फिरवा. लॅकरला केसासारख्या भेगा असतील तर ओलं कापड अजिबात नको. गाडीचं पॉलिशही नको. त्यातलं सिलिकॉन लाकडात मुरलं की पुढे दुरुस्तीचा थर तिथे धरतच नाही.

आता आपला उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी होते, लाकूड आडव्या अंगाने आकसतं. फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं हाताला बोचायला लागली की समजा, गिटार तहानलेली आहे. तिला कूलरसमोर ठेवू नका. साबणाच्या डबीला भोकं पाडा, आत स्पंज ठेवा, एक थेंबही गळणार नाही इतका पिळलेला, आणि डबी पेटीत ठेवून पेटी बंद करा. छोटा आर्द्रतामापक मिळतो, तो 45 ते 55 टक्के दाखवेल असं बघा.

त्या गिटारचं पुढे काय झालं, हे मला नेहमी विचारतात. लाखेचा गुण असा, की नवा थर जुन्यात मिसळून जातो. रोज थोडं थोडं पॉलिश चढवत तीन आठवड्यांत चारही बोटं गेली. अंगठा मात्र लाकडापर्यंत उतरला होता. तिथे घासलं असतं तर पाटीच पातळ झाली असती. मी थांबलो. तो ठसा अजून आहे.