शिंपल्यातील बुरशीचा शोध

पडद्यावरील हा शिंपला आता किंचित उघडला आहे. कल्ल्यांवरील सूक्ष्म रोमांच्या हालचालीने तो समुद्राचे पाणी आत ओढतो, त्यातील अन्नकण टिपतो आणि उरलेले पाणी बाहेर सोडतो. अन्नकणांबरोबर जीवाणू आणि बुरशीचे बीजाणूही आत शिरतात. इतक्या दाटीत तग धरणाऱ्या बुरशीकडे जीवाणूंना रोखणारे एखादे रसायन असावे, ही संशोधकांची अपेक्षा निराधार नाही. १९४५ मध्ये इटालियन संशोधक जुझेप्पे ब्रोत्झू यांनी इटलीच्या सार्डिनिया बेटावरील कॅलिआरी येथे, सांडपाणी समुद्राला मिळते त्या ठिकाणच्या पाण्यातून एक बुरशी वेगळी केली होती. सेफॅलोस्पोरिन हा प्रतिजैविकांचा मोठा गट तिच्यातूनच पुढे आला.

प्रयोगशाळेत शिंपल्याचा मांसल भाग अल्कोहोलने आणि निर्जंतुक समुद्रजलाने धुऊन मग वाटला जातो आणि खारट आगरावर, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमावर, पसरवला जातो. शेवटच्या धुण्याचे पाणीही वेगळ्या बशीत घातले जाते, कारण त्यातून काही उगवले, तर बुरशी आतली की बाहेरून चिकटलेली, हे सांगता येत नाही. ही साधी खबरदारी मला सर्वांत मोलाची वाटते. बशीत बहुधा पेनिसिलियम, अस्परजिलस, ट्रायकोडर्मा यांसारख्या, जमिनीवरही आढळणाऱ्या बुरशी उगवतात. त्यामुळे शिंपल्यात त्या खरोखर नांदतात की केवळ पाण्याबरोबर आल्या आहेत, हा प्रश्न तरीही उरतोच.

पुढे बुरशीचा अर्क काढून तो कागदी चकतीवर घेतात आणि ती चकती स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूच्या थरावर ठेवतात. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती असे स्वच्छ, जीवाणू न वाढलेले कडे दिसले, की आनंद होतो. परंतु कड्याची रुंदी रसायन आगरात किती सहज पसरते यावरही ठरते, म्हणून जीवाणूंची वाढ थांबवणारे किमान प्रमाण स्वतंत्रपणे मोजावेच लागते. अर्कातील घटक एकेक वेगळे करून त्यांचे रेणुभार तपासले, की पुष्कळदा आधीच माहीत असलेले संयुग हाती येते. बुरशी तीच ठेवून क्षार किंवा अन्नद्रव्ये बदलली, तर मात्र ती कधी कधी निराळीच संयुगे बनवू लागते.

ट्रायकोडर्मा बनवते ती पेप्टायबॉल संयुगे जीवाणूच्या पेशीपटलात घुसून त्याला छिद्रे पाडतात. पटल मात्र आपल्याही पेशींना असते. म्हणूनच जीवाणूंच्या बशीशेजारी, त्याच अर्काचा थेंब घातलेली मानवी पेशींची ही दुसरी बशी ठेवली आहे.